भिंतीमागची झाडी काढली तर उंदीर जातील की घरात येतील? (ठाणे, येऊरचा पायथा)

डोंगरपायथा यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

आमची सोसायटी ठाण्यात, येऊरच्या अगदी पायथ्याशी. मागची भिंत संपली की पलीकडे राष्ट्रीय उद्यानाचा चढ सुरू होतो. भिंतीच्या अलीकडे, आमच्याच हद्दीत, पंधरा-वीस फूट रुंदीचा एक पट्टा आहे. बांधकामाच्या वेळी तो तसाच राहून गेला आणि सतरा वर्षांत तिथे आपसूक रान उभं राहिलं. करवंदीच्या जाळ्या, घाणेरी, कुड्याची दोन झाडं, उन्मळून पडलेला एक पांगारा, त्याच्यावर चढलेली गुळवेल, आणि या सगळ्याखाली घोटा बुडेल एवढा पाला. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी त्याच बाजूला आहे. ओट्याशी उभी असले की नजर तिकडेच जाते.

अडचण अशी की दिवाळीच्या आसपास पार्किंगमध्ये उंदीर वाढलेत. तीन गाड्यांच्या वायरी कुरतडल्या, पाण्याच्या टाकीशेजारी उकरलेल्या मातीचा ढीग निघाला. कमिटीचं म्हणणं, मागची झाडी हेच उंदरांचं घर. तेव्हा जेसीबी लावून पट्टा साफ करायचा, पेव्हर ब्लॉक बसवायचे आणि भिंतीच्या कडेने विषाच्या वड्या टाकायच्या. सभा दोन आठवड्यांनी आहे. मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते म्हणून सगळे मला विचारतात, पण अन्नसाखळीची आकृती दाखवून कोणाचं मत बदलेल असं मला वाटत नाही.

मला जे दिसतं ते सांगते. पार्किंगमधला प्राणी मोठा आहे, काळपट, अंगावर राठ केस, चाल जड. ती घूसच. मीटरच्या खोलीतला वेगळा आहे: सडपातळ, मोठे कान, शेपटी अंगापेक्षा लांब, पाइपवरून सरसर चढतो. आणि पट्ट्यातला तिसराच. श्रावणात एका रात्री वीज गेली होती. मी खिडकीतून टॉर्च मारला तर पांगाऱ्याच्या खोडावर आधी नुसताच एक पांढरा, केसाळ दोरा हलताना दिसला. मग कळलं, ती शेपटी आहे. टोकाकडचा भाग पांढरा, बुडखा काळसर. पुढे करड्या अंगाचा, पांढऱ्या पोटाचा उंदीर ढोलीच्या तोंडाशी बसून दोन्ही हातांत काहीतरी धरून खात होता. मिनिटभर तरी बसला असेल. असा उंदीर मी घरात कधीच पाहिलेला नाही.

अजून एक. वरच्या उतारावरची कारवी २०२४ च्या पावसाळ्यात फुलली. २०१६ चा बहरही मी इथूनच पाहिला होता. आठ वर्षांनी एकदा फुलायचं आणि मग मरायचं, हा तिचा क्रम. आता तिथे वाळक्या काठ्या उभ्या आहेत. पूर्वी जिथे हिरवी भिंत होती तिथून आता आरपार दिसतं. वरचा आडोसा विरळ झाला म्हणून काही जीव खाली आमच्या पट्ट्यात उतरले असतील का?

तर विचारायचं हे की पार्किंगमधले आणि झाडीतले उंदीर एकच का? झाडी काढली तर कोण जाईल आणि कोण राहील? आणि दोन आठवड्यांत, एकाही जिवाला न मारता, सभेला दाखवता येईल असं मी काय करू शकते? तो पट्टा वाचावा असं मला मनापासून वाटतं, हे आधीच सांगून ठेवते.

---

पालापाचोळा (खारघर)

ताई, तुम्ही अर्धं उत्तर प्रश्नातच दिलंय. तीन जागा, तीन प्राणी. मी काही वर्षं सह्याद्रीत उंदरांच्या सर्वेक्षणात मदतनीस होतो. पहाटे पिंजरे तपासायचे, प्राणी तोलायचा, खूण करायची आणि जिथे धरला तिथेच सोडायचा, हे काम. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. आपण जंगल वर बघून ओळखतो: साग आहे, ऐन आहे, दाट आहे, विरळ आहे. उंदराचं जंगल आपल्या गुडघ्याच्या खाली असतं. पाला किती जाड आहे, पडकं खोड आहे का, दगडांत फट आहे का, जाळीखालून जाळीखाली उघड्यावर न येता जाता येतं का. पन्नास फुटी झाडं तशीच उभी ठेवून खालचा पाला झाडून नेला, तरी त्याच्या लेखी ते जंगल संपलेलं असतं.

तुमच्या पांढऱ्या शेपटीवाल्याचं वर्णन ब्लॅनफर्डच्या उंदराशी तंतोतंत जुळतं. पक्का रानातला, झाडाच्या ढोलीत आणि खडकांच्या कपारीत राहणारा. तो तुमच्या गाडीखाली येणार नाही. घूस याच्या अगदी उलट: तिला उकरायला मऊ, ओलसर माती हवी आणि जवळ गटार किंवा कचरा. मीटरच्या खोलीतला काळा उंदीर मुळात आपल्याच उपखंडातला, झाडांवर चढणारा. माणसाची घरं त्याला जास्त खाण्याची झाडं वाटली आणि जहाजांतून तो जगभर गेला. तेव्हा जेसीबी लावलात तर हलेल तो ढोलीवाला. घुशीला उलट नवीन भुसभुशीत माती मिळेल, आणि पेव्हरखालच्या रेतीत बीळ करणं तिला मुळीच अवघड नाही. रान मोडलं की खास रानातले जीव आधी जातात आणि माणसाबरोबर राहायला सरावलेले त्यांची जागा घेतात. हे जगात बऱ्याच ठिकाणी पाहिलं गेलंय.

एका बाबतीत मात्र कमिटीचं म्हणणं खोटं नाही. भिंतीला टेकलेली वेल आणि छपराला लागलेली फांदी ही काळ्या उंदराची शिडी असते. इमारतीला लागून तीन फूट जागा मोकळी आणि कोरडी ठेवा, टेकलेल्या फांद्या छाटा. तेवढं खरोखर लागतं, पण त्यासाठी जेसीबी कशाला?

मोजण्याबद्दल एक सावधगिरी. सभेत कोणीतरी म्हणेल, ‘पार्किंगमध्ये सर्वांत जास्त उंदीर दिसतात, म्हणजे त्यांना तीच जागा आवडते.’ तसं नसतं. १९८३ साली बीएट्रिस व्हॅन हॉर्न यांनी दाखवून दिलं की नुसत्या संख्येवरून जागेचा कस ठरवणं फसवं आहे. चांगली जागा दांडग्या, प्रौढ प्राण्यांनी धरलेली असते, आणि तिथून हुसकावलेली तरणी पोरं वाईट जागेत गर्दी करतात. गर्दी दिसते, पण त्यातले फार थोडे जगतात. म्हणून मोजायचंच तर प्राणी नको, त्याची भीती मोजा.

ते असं करतात. १९८८ मध्ये जोएल ब्राऊन यांनी ही पद्धत मांडली आणि ती घरी सहज जमते. सारखे चार ट्रे घ्या. प्रत्येकात सारखी चाळलेली रेती, दोन-अडीच किलो, आणि तीत मोजून तीस ग्रॅम बाजरी नीट कालवा. दोन ट्रे जाळीखाली, दोन जाळीपासून सात-आठ फुटांवर उघड्यावर. अंधार पडल्यावर ठेवायचे आणि उजाडायच्या आत उचलायचे, नाहीतर होले आणि चिमण्या उरलेलं टिपतात. सकाळी रेती चाळा आणि उरलेली बाजरी काट्यावर तोला.

यामागचा हिशेब सोपा आहे. सुरुवातीला दाणे पटापट मिळतात. जसजसे कमी होतात तसं एकेका दाण्यासाठी जास्त उकरावं लागतं. एक वेळ अशी येते की मिळकतीपेक्षा कष्ट आणि धोका जास्त होतो, तेव्हा प्राणी ट्रे सोडून जातो. जाळीखाली घुबडाची भीती कमी, म्हणून तो जास्त वेळ थांबतो आणि कमी दाणे मागे ठेवतो. उघड्यावर लवकर पळतो. दोन्हीकडच्या शिलकीतला फरक म्हणजे त्याने आडोशाला दिलेली किंमत. ती त्याने स्वतः ठरवलेली असते. चांदण्या रात्री हा फरक वाढतो, तेही बघा.

कोण खाऊन गेलं हे कळायला ट्रेभोवती वीतभर रुंदीची रांगोळी चाळणीने पसरा. उंदीर-घुशीच्या पुढच्या पायाला चार बोटं उमटतात, मागच्याला पाच. चारही पायांना पाच-पाच दिसली तर ती चिचुंद्री. चिचुंद्री उंदीर नव्हेच. ती झुरळं आणि किडे खाते, वायरी कुरतडत नाही. लोक ती दिसली की झाडू उगारतात, फार वाईट वाटतं.

कारवीबद्दल तुमची शंका रास्त आहे. एकाच वेळी सगळी कारवी मेली की उताराचा खालचा मजलाच उघडा पडतो. अशा वेळी लहान जीव जवळच्या दाट जागेकडे सरकतात. मात्र तिथे रान मेलंय असं समजू नका. वाळलेल्या काठ्यांचाही आडोसा असतो आणि त्यांच्या बुडाशी नवी रोपं दाटीने उगवतात. ती वाढेपर्यंतची दोन-तीन वर्षं तुमच्या पट्ट्यासारख्या जागांना जास्त मोल आहे.

दोन गोष्टी मात्र पाळा. हातमोजे आणि मास्क वापरा, लेप्टोस्पायरोसिस उंदराच्या लघवीतून पसरतो. आणि येऊरचा पायथा आहे, बिबट्याचा वावर असणारच. अंधारात एकट्या जाऊ नका, टॉर्च घ्या, बोलत-बोलत जा. पिंजरे लावण्याच्या फंदात पडू नका, भिंतीपलीकडे तर मुळीच नाही. उद्यानात परवानगीशिवाय तो गुन्हा आहे.

---

खाचर (येऊर)

मी येऊरच्या पाड्यावरचा. वर दादांनी पाल्याचं लिहिलं ते वाचून आजा आठवला. तो वाळलेली कारवी तोडायला जायचा, आमच्या घराचे कूड कारवीचेच, वरून शेणमातीचा लेप. पण तो एका जागची सगळी काठी कधी काढायचा नाही. मधेमधे झुंबाडं सोडायचा. विचारलं तर म्हणायचा, खाली कोणी ना कोणी राहतंय.

भात कापलं की काय होतं ते आम्ही लहानपणापासून बघतो. उभ्या पिकात छोटी घूस असते, बांधात तिची बिळं. ती लोंब्या तोडून आत साठवते. बीळ खणलं तर ओंजळीओंजळीने भात निघतो, आमच्या आणि कातकरी लोकांच्या बायामाणसांनी हा भात पिढ्यान्‌पिढ्या काढलाय. खाचर रिकामं झालं की घार आणि घुबडाला सगळं उघडं. मग बांधावर जिथे झुडूप आहे तिथेच उंदीर टिकतात. ज्याने बांध जाळून साफ केला त्याच्याकडचे उंदीर पळून घरातल्या कणगीत आले, हे मी दोनदा बघितलंय.

ताई, वणव्याचंही लक्षात ठेवा. बिळातला उंदीर आगीत बहुतेक वाचतो, माती त्याला राखते. गवतातल्या घरट्यातला मरतो. आणि वाचलेला दुसऱ्या दिवशी काळ्या राखेवर फिरतो तेव्हा लपणार कुठे? तुमच्या पट्ट्यात पाला जाळायला कोणी आलं तर पहिलं त्याला थांबवा. वरचा उतार वाळक्या कारवीने भरलाय, एक ठिणगी पुरे.

---

बेलापूर_टेकडी

आमच्याकडे नेमकं हेच झालं म्हणून लिहिते. नवी मुंबईत, पारसिकच्या उतारावर आमची इमारत. मागे गिरिपुष्पाची दाट लागवड आणि खाली झुडपं. चार वर्षांपूर्वी मार्चमध्ये सोसायटीने खालची सगळी झुडपं काढली, झाडं फक्त ठेवली. एप्रिलमध्ये तळमजल्यावर उंदीर, मेमध्ये दुसऱ्या मजल्यापर्यंत. मग विष टाकलं. जूनच्या पहिल्या पावसात पाण्याच्या टाकीजवळ गव्हाणी घुबड मरून पडलेलं मिळालं. पांढरा चेहरा, मिटलेले डोळे, माझ्या मुलीने उचलून पेपरवर ठेवलं. विषानेच मेलं का ते कोणी तपासलं नाही, पण त्यानंतर आमच्या टेरेसवर घुबड बसलं नाही, आणि उंदीर मात्र आजही आहेत.

एक विचारायचं होतं. गिरिपुष्पाला लोक उंदीरमारी म्हणतात. मग त्याच्याच मुळाशी घुशींची बिळं कशी?

---

पालापाचोळा

घुबडाचं वाचून वाईट वाटलं. हल्लीची बरीच विषं रक्त गोठू न देणारी असतात. उंदीर लगेच मरत नाही, दोन-चार दिवस सुस्त होऊन उघड्यावर फिरतो, आणि नेमका तोच घुबडाच्या, उदमांजराच्या, धामणीच्या तोंडी जातो. विष त्याच्याबरोबर पुढे सरकतं. जो तुमचे उंदीर फुकट खात होता तोच आधी संपतो. घुबडं वर्षाला एकदोनदाच पिल्लं काढतात, घुशी वर्षभर वीत असतात. पुढचं तुम्ही पाहिलंच आहे.

उंदीरमारीचं नाव मध्य अमेरिकेतून आलेल्या वापरामुळे पडलंय. तिथे या झाडाची साल किंवा पानं धान्यात कुटून आंबवायचे. आंबताना त्यातल्या कुमारिनपासून रक्त पातळ करणारं द्रव्य तयार होतं, ते खाऊन उंदीर मरतो. उभ्या झाडाने उंदीर पळत नाही. आपल्या टेकड्यांवर ते लावलं कारण लवकर वाढतं आणि गुरं फारसं तोंड लावत नाहीत. पण निव्वळ गिरिपुष्पाखाली करवंदीसारखी जाळी होत नाही, फळं नाहीत, ढोल्या नाहीत. टेकडी हिरवी दिसते, तरी पांढऱ्या शेपटीवाल्याला तिथे घर नाही. घुशीला माती आणि तुमचा कचरा पुरतो.

कायद्याचंही सांगून ठेवतो, सभेत उपयोगी पडेल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पाचवी अनुसूची उपद्रवी प्राण्यांची होती आणि उंदीर तिच्यात होते. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच गेली, १ एप्रिल २०२३ पासून. घरातला उंदीर मारला म्हणून कोणी पकडणार नाही, पण भिंतीपलीकडे उद्यानात विष फेकणं किंवा झाडी तोडणं ही वेगळी आणि गंभीर बाब आहे.

---

डोंगरपायथा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल सभा झाली. आधी ट्रेचं सांगते.

अकरा रात्री ठेवले. नवऱ्याने रोज सोबत केली, पहाटे पाचला टॉर्च धरून उभा राहायचा आणि मोठ्याने बातम्या सांगायचा. दोन रात्री मुंग्यांनी बाजरी पळवली, त्या मोजल्या नाहीत. बाकीच्या रात्रींत जाळीखालच्या ट्रेमध्ये सात-आठ ग्रॅम उरायची, उघड्यावरच्यात अठरा-वीस. दत्तजयंतीच्या आदल्या रात्री चांदणं लख्ख पडलं होतं. त्या रात्री उघड्यावरच्या ट्रेला एकाने फक्त कडेने स्पर्श केलेला होता. रांगोळीत एकच पावलांची ओळ आली, ट्रेच्या काठाशी थांबली आणि तशीच मागे जाळीत गेली. मी ती ओळ बराच वेळ बघत बसले. एवढासा जीव, समोर ताटभर दाणे, आणि तो वर आकाश बघून परतला.

पाचवा ट्रे मी माझ्या बुद्धीने पार्किंगमध्ये कचऱ्याच्या खोलीजवळ ठेवला. तिथली बाजरी जवळपास सगळी शिल्लक. आधी कळेना, उंदीर तर तिथेच आहेत. मग खोलीचं दार पाहिलं. खालचा पत्रा गंजून हातभर फाटलेला, आत ओला कचरा रात्रभर उघडा. शेजारीच भात आणि पोळ्या पडलेल्या असताना रेती उकरून बाजरी कोण शोधणार? रांगोळीत ठसे मात्र मोठे, जड, शेपटीच्या ओढलेल्या रेघेसकट. पट्ट्यातल्या रांगोळीत तसा ठसा अकरा रात्रींत एकदाही आला नाही.

सभेत मी काही बोलायच्या आधी चाळण्या, काटा आणि बाजरीच्या नऊ जोड पुड्या टेबलावर मांडल्या. प्रत्येक पुडीवर तारीख आणि जागा. लोकांनी हातात घेऊन पाहिल्या. सेक्रेटरी काकांनी चांदण्या रात्रीची पुडी दोनदा तोलायला लावली. वाद झाला, एका सदस्यांची गाडी दोनदा बंद पडलीय, त्यांचा राग मला समजतो. शेवटी ठरलं ते असं: कचऱ्याच्या खोलीचं दार या आठवड्यात बदलायचं, ओला कचरा रात्री झाकणाच्या डब्यात, गटाराला जाळी, इमारतीलगत तीन फूट जागा हाताने साफ. विष नाही. जेसीबीचा विषय सहा महिने पुढे ढकलला, रद्द केलेला नाही. पांगारा जागेवर राहील. खाचर दादा, पाला न जाळण्याचं तुमचं वाक्य मी जसंच्या तसं वाचून दाखवलं आणि ते इतिवृत्तात घेतलंय.

आता एक नवा प्रश्न. आज सकाळी ट्रे आवरताना भिंतीच्या कोपऱ्यात, दगडगोट्यांच्या उतारावर, अंगठ्याएवढ्या भोकाच्या तोंडाशी खड्यांची लहानशी रास दिसली. सगळे खडे वाटाण्याएवढे, निवडून आणल्यासारखे सारखे. पोरांनी रचले म्हणावं तर तिथे पोरं जात नाहीत. हे काय असेल?

---

पालापाचोळा

काटेरी केसांचा रानातला छोटा उंदीर, जवळजवळ नक्की. तो बिळाच्या तोंडाशी असे खडे वेचून आणतो आणि आतही पसरतो. दगडाळ, मोकळ्या उतारावर राहतो, घरात येत नाही. खडे हलवू नका. बाजूला रांगोळी टाकून बघा, पावलं अगदी बारीक येतील.